उजव्या किडनीची दोन चित्रं

आधी

देवळापुढच्या मांडवात खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा उरलेली माणसं मासळीच्या टोपल्या पालथ्या घालून बसली. समोर बारा फुटी पडदा. एरवी सणासुदीला देवाचं मन रमावं म्हणून त्याच्यावर सिनेमा लावत. आज त्याच्यावर ग्योक-कीची किडनी लावली होती.

राखाडी रंगाचा, घेवड्याच्या दाण्यासारखा आकार. आणि त्याच्या ऐन पोटात काळंभोर भगदाड.

“काय आहे हे?” चुआ गुरुजींनी माइक ओठांना टेकवला. “कोळसा? डांबर? नाही, माझ्या मायबापांनो! हा त्रेसष्ट वर्षं साचलेला विषार! मोठ्या इस्पितळातले चष्मेवाले म्हणतात, कापा. अहो शहाण्यांनो, काळोख कधी कापतात का? काळोखापुढे दिवा धरतात!”

“एवढं मोठं भोक घेऊन बाई जगली कशी?” मागं कोणीतरी कुजबुजलं.

“तिच्या नवऱ्याच्या डोक्यात याहून मोठं आहे. तोही जगतोय की.”

आसपासचे फिदीफिदी हसले. तिसऱ्या रांगेतली बोंग-छी हसली नाही. ग्योक-की तिची धाकटी बहीण. बोंग-छी एकाहत्तर वर्षांची. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं वैतागून हे नाव ठेवलेलं, ‘आहे तर वाढवा’ अशा अर्थाचं. पोए-आच्या किनाऱ्यावर बुटक्या स्टुलावर बसून तिनं पंचावन्न वर्षं कालवं फोडली होती. आई लवकर गेली, तेव्हा ग्योक-कीला तिनंच पाठीशी बांधून वाढवलं.

ग्योक-कीच्या लघवीतून रक्त जायला लागलं होतं. चियायीच्या इस्पितळात सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं: डाव्या किडनीत, लघवी जमून खाली उतरते तिथं, गाठ आहे. अजून बाहेर पसरलेली नाही. डावी काढून टाकू. उजवी ठणठणीत आहे, तिच्यावर आयुष्य निघेल. तारीखही दिली. येता बुधवार.

बुधवारच्या आधी रविवार आला, आणि दर रविवारसारखे चुआ गुरुजी आले.

नंतर

तोच पडदा, तोच घेवडा. भगदाड गायब.

मग घंटा, फटाके, शिट्ट्या, सगळं एकदम.

“ताई! गेलं गं! बघ ना, गेलं!” ग्योक-की वर उभी राहून लहान पोरीसारखी ओरडत होती.

गुरुजींनी तिच्या हातातली इस्पितळाची चिठ्ठी घेतली, तारीख मोठ्यांदा वाचली. “बुधवारी बाईंना सवड नाही!” म्हणाले, आणि ती मंतरलेल्या पिवळ्या कागदांबरोबर धुपाटण्यात टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोंग-छीनंही वाजवल्या.

दोन्ही चित्रं चौकटीत घालून देवळाच्या भिंतीवर लागली. ही चौसष्टावी जोडी. ग्योक-कीच्या ओटीत काढ्याच्या बारा बाटल्या पडल्या. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, संपला की आणखी न्यायचा, नाहीतर विषार परत येतो.

मधला वेळ

आता या दोन चित्रांच्या मधे काय झालं ते सांगतो. त्यात गुपित काहीच नव्हतं. चारशे माणसांच्या देखत झालं. चारशे माणसं पडद्याकडे बघत होती, एवढंच.

सकाळी आठ वाजता ग्योक-कीला खुर्चीत बसवलं. पिवळ्या कागदाची राख कालवलेल्या पाण्याच्या तीन मोठ्या बाटल्या तिच्या घशाखाली उतरवल्या. मग सांगितलं, देवाचा कौल मिळेपर्यंत उठायचं नाही. कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात. एक उताणा, एक पालथा पडला की देव हो म्हणाला. पण तुकडे गुरुजींच्या मुठीत. ते टाकायचेच दहानंतर. दहा वाजता ग्योक-कीचा चेहरा हिरवा पडला, तेव्हा गुरुजींचा मेव्हणा आ-तोंग यानं तिच्या उजव्या कुशीला जेल चोपडून सोनोग्राफीच्या यंत्रानं पहिलं चित्र काढलं. मग कौल लागला. “जा, विषार सोडून ये!” चार बायका झांजा वाजवत तिला देवळामागच्या संडासात घेऊन गेल्या. ती आली. दुसरं चित्र.

संपलं. एवढाच चमत्कार.

तुम्हाला कळलं असेल. पोए-आत ते पहिल्यांदा बोंग-छीला कळलं, आणि तेही डोक्यानं नाही.

पुढच्या रविवारी ग्योक-कीनं तिला ओढून नेलं. “ताई, तूही दाखवून घे. तुझे पाय सुजतात.” बोंग-छी तीन बाटल्या प्यायली. पण पाच बाळंतपणं, आणि ओल्या रबरी एप्रनमध्ये दिवसदिवस उकिडवं बसणं. तिला आताशा तास-दीड तासापलीकडे कळ धरवत नसे. एप्रन ओलाच असतो, म्हणून कालवांच्या शेडमध्ये कोणाला पत्ता लागत नव्हता. सव्वानऊला ती, जरा मोकळी हवा घेते, असं पुटपुटली, शिंपांच्या ढिगाऱ्यामागं गेली, पुन्हा दहाच्या आधी गेली, आणि चेहरा धुऊन परत येऊन बसली.

आ-तोंगनं यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. घेवडा कोरा.

“काळं कुठंय?” गुरुजी माइक झाकून खेकसले.

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

गुरुजींनी बोंग-छीकडे पाहिलं. मग माइक वर घेतला. “मंडळी, या बाईवर देवाचा रुसवा आहे! आत इतकं पाप आहे, की देव दाखवायलाही तयार नाही! उठा आजीबाई, खुर्ची विटाळू नका.”

चारशे माणसांतून चालत ती घरी आली. मागोमाग ग्योक-की.

“काय केलंस तू, ताई?”

“काही नाही.”

“देव उगाच रुसतो?”

त्या वेळी बोंग-छीला अगदी लख्ख कळलं होतं. पाणी कोंडलं की काळं दिसतं, सोडलं की जातं. तिनं ते तिथल्या तिथं सांगितलं असतं, तर ग्योक-कीला आणखी एखादा बुधवार मिळाला असता. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की मी शिंपांमागं बसले होते. मला धरवत नाही. एप्रनखाली वर्षभर मी ओलीच असते. बहिणीच्या जिवापेक्षा तिला ते जड गेलं. हे वाचून तिला बोल लावायला सोपं आहे. लावा.

पाच महिने ती गप्प राहिली.

पाच महिन्यांत

ग्योक-की काढा प्यायली. रक्त पुन्हा गेलं; गुरुजी म्हणाले, विषाराचे शेवटचे थेंब. चव गेली, म्हणाले, जीभ शुद्ध होतेय. रात्रंदिवस अंग खाजायला लागलं, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायला लागला; म्हणाले, बाटल्या वाढवा.

तेव्हा कुठं बोंग-छी आरोग्य केंद्रात गेली. तिथं सोनोग्राफी करणाऱ्या कांग मिन-यूसमोर बसून तिनं टेबलाच्या कडेला सांगावं तसं सगळं सांगितलं. वर पाहिलंच नाही.

मिन-यू हसली नाही. ती स्वतः दीड लिटर जवाचा चहा प्यायली, कामं उरकत तिनं दोन तास काढले, मग आपल्याच कुशीला यंत्र लावलं. काळं भगदाड. बाहेर जाऊन आली. पुन्हा लावलं. कोरं.

“आजी, बघितलंत? मूत्राशय तुडुंब भरलं की लघवी वर किडनीत तुंबते. पाणी या यंत्राला काळं दिसतं. रोग नाही, पाप नाही. शू आहे ती.”

“मग गाठ?”

“गाठ पाण्यासारखी काळी दिसत नाही, आजी. ती राखाडी असते.” मिन-यूनं कुशीवरचं जेल पुसलं. “त्यानं गाठ दाखवली होती कुठं?”

पुन्हा मांडव

त्या रविवारी मिन-यूनं मांडवात माइक मागितला आणि हेच सांगितलं. लोकांनी तिची हुर्यो उडवली. मग बोंग-छी उठली. तिनं माइक घेतला नाही. पण शेवटच्या टोपलीपर्यंत ऐकू गेलं.

“मी मुतून आले होते त्या दिवशी. दोनदा. म्हणून माझं काळं दिसलं नाही. रुसवा-बिसवा काही नाही.”

मग देवळाच्या पंचांचा म्होरक्या तेक-लाय सावकाश उभा राहिला. कोळंबीची तळी होती त्याची. भिंतीवर त्याचीही जोडी होती, अगदी दाराशी, मोठ्या चौकटीत.

“गुरुजी,” तो म्हणाला, “तुमच्या अंगात तर विषार नसणारच.”

“अर्थात! पण आज तिथी—”

“बसा.”

दोन मच्छिमारांनी गुरुजींना खुर्चीत बसवलं. तीन बाटल्या. नंतर चौथी, गावातर्फे. दोन तास कोणी घरी गेलं नाही. सुपाऱ्या चघळल्या, भुईमूग फोडले. गुरुजींच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, गुडघे एकमेकांवर आपटत होते.

“कौल लावा हो आता. लावा ना!”

“लावतो की.” तेक-लायनं तुकडे टाकले. “नाही म्हणतोय देव.” पुन्हा टाकले. “अजून नाही.” तिसऱ्यांदा एक उताणा, एक पालथा पडला. तेक-लायनं पायाच्या अंगठ्यानं एक उलटवला. “छे. फारच रुसलाय.”

मांडव खदखदा हसला. आ-तोंगला पुढं ढकललं. त्यानं आपल्या मेव्हण्याच्या कुशीला यंत्र लावलं आणि पडद्यावर चौऱ्याऐंशी जोड्यांत नव्हतं एवढं भगदाड उघडलं. त्याच वेळी खुर्चीखाली पाणी पसरलं. पोरं ओरडली, बायकांनी तोंडाला पदर लावावा तसे हात लावले, कोणीतरी झांज वाजवली.

बोंग-छीला हसू आलं नाही. ते ओलं कसं लागतं हे त्या मांडवात तिला एकटीला ठाऊक होतं.

“पुरे झालं,” मिन-यू म्हणाली. “सोडा त्यांना. पोलिसांना बोलवा.” मग आ-तोंगकडे वळून, “हे यंत्र कुठलं?”

“डुकरांच्या फार्मवरचं. जुनं.” आ-तोंग रडकुंडीला आला होता. “डुकरिणीच्या पोटात पिलं किती ते बघायचो मी.”

“भिंतीवर सगळ्या उजव्याच किडन्या आहेत. डावी का नाही काढलीत?”

“उजवी यकृतातून नीट दिसते, बाई. डावी... डावी मला कधी सापडलीच नाही.”

मिन-यूनं पहिल्या रांगेतल्या ग्योक-कीला पुढं आणून आडवं केलं. तिची डावी कूस पहिल्यांदाच पडद्यावर आली. बारा फुटी पडदा. कोणी तो बंद करायचं सुचवेपर्यंत सगळ्यांनी बघितलं. काळ्या पाण्यात बसलेला राखाडी गोळा, मुठीएवढा. पाच महिन्यांपूर्वी तो बोराएवढा होता.

नंतर

चियायीत नवा सीटी स्कॅन झाला. गाठ कण्याशेजारी उतरली होती, फुप्फुसात ठिपके होते. आणि उजवी किडनी, जी ठणठणीत होती, जिचं कोरं चित्र भिंतीवर टांगलं होतं, ती काढ्यातल्या एका मुळीनं जाळून टाकली होती. गाठीवर जे औषध सगळ्यात चांगलं, ते द्यायला चालती किडनी लागते, डॉक्टर म्हणाले. ती आता नाही.

ग्योक-की आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं,

“ताई, तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“मला खुर्चीत बसवलं त्या रविवारपासून.”

ग्योक-कीनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती बोंग-छीशी बोललेली नाही.

गावानं चौकटी फोडल्या. मिन-यूनं चौकटींखालची नावं उतरवून घेतली होती. चौऱ्याऐंशी जणांना तपासणीला बोलावलं. नऊजण येऊ शकले नाहीत. ते आधीच मेले होते. त्यांच्या किडन्या भिंतीवर शेवटपर्यंत स्वच्छ होत्या.

शेडमध्ये

आता बोंग-छी किनाऱ्यावरच्या एकेका कालवांच्या शेडमध्ये जाते. बायका सुरी थांबवत नाहीत. ती उभ्यानं बोलते.

“मी शिकलेली नाही. मला एवढंच कळतं. कोणी तुम्हाला दोन चित्रं दाखवली, एक वाईट आणि एक चांगलं, तर विचारा, मधे काय केलंत? तेच मी घरी केलं तर काय होईल? मग घरी करून बघा. आणि विचारा, दुसऱ्या बाजूचं चित्र कुठंय? इस्पितळाच्या डॉक्टरलाही विचारा. तो उत्तर देईल. जो चिडला, त्याच्याकडे उत्तर नाही.”

“आणि विचारायची लाज वाटली तर?” एकीनं खाली मान घालूनच टोमणा मारला.

“वाटेल. मला वाटली. माझ्या लाजेनं माझी बहीण मारली, अजून श्वास घेतेय एवढंच. मला धरवत नाही, बायांनो. तुमच्यातल्याही पुष्कळजणींना धरवत नाही. दवाखान्यात सांगा. त्याला इलाज आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं.”

सुऱ्या एकेक करून थांबल्या. कोपऱ्यातली एक पन्नाशीची बाई म्हणाली, “मावशी, माझ्या घरी तो काढा आहे अजून. सहा बाटल्या. आमचे हे घेतात, पाठीला बरं वाटतं म्हणतात.”

“कधीपासून?”

“तीन महिने झाले.”

“एप्रन सोड. त्यांना घे, बाटली घे, आणि आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.”

“हे एवढं संपवून जाते.”

“आत्ता जा,” बोंग-छी म्हणाली, आणि तिच्या हातातली सुरी काढून घेऊन तिच्या स्टुलावर बसली.