सतरा नंबरची तक्रार

स्वरूप बेळगावात टिळकवाडीतल्या एका कंपनीत होता आणि त्याचं काम म्हणजे तक्रारी मिटवणं. पोलिसातल्या नव्हेत, कोर्टातल्याही नव्हेत. कंपनी परदेशातल्या लोकांना सॉफ्टवेअर बनवून द्यायची, ते लोक त्यात चुका काढायचे आणि प्रत्येक चूक नंबर लावून एका यादीत बसायची. या यादीला इश्यू ट्रॅकर म्हणतात. तक्रार कुणाची, कुणाकडं सोपवली, मिटली की तशीच पडली, सगळं तिथं दिसतं.

ट्रॅकरशी बोलायला स्वरूपनं एक लायब्ररी वापरायला घेतली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला आयता कोड. तिची खुबी अशी की प्रत्येक तक्रार तिच्यातून ऑब्जेक्ट होऊन हातात यायची. ऑब्जेक्ट म्हणजे आपलं गाठोडं आपणच काखेत मारून आलेली वस्तू. मी कुणाची, कधीची, कुठं अडकलेय, सगळं तिच्याच पोटात. शिवाय कामंही तिची तिला यायची. उत्तर दे म्हटलं की उत्तर द्यायची, बंद हो म्हटलं की गुमान बंद व्हायची. दोन तक्रारी सारख्या निघाल्या तर एकीला सांगायचं, बाई, तू हिची नक्कल. लगेच ती मान खाली घालून दुसरीत मिसळायची आणि दोन्हीकडच्या माणसांना तसा निरोप जायचा. दोन हजार तक्रारींचा ढीग स्वरूपनं असा तीन दिवसांत उपसला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि गड्याच्या डोक्यात हवा शिरली ती तिथंच.

तिकडं घरी त्याहून मोठा ढीग पडला होता. धाकट्या बहिणीचं, रचनाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. वडील, महादेवराव, जाऊन सहा वर्षं झालेली, तेव्हा कर्ता म्हणून जे काही करायचं ते स्वरूपनंच. त्यानं काय केलं, तर लग्नपत्रिका फोनवर भावकीच्या ग्रुपात टाकली, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि आमंत्रणं आटोपली म्हणून हात झटकले. आता लग्नघर म्हटलं की रुसवेफुगवे आलेच, पण हे म्हणजे पोळ्याला डिवचल्यासारखं झालं. कुणाचं नाव पत्रिकेत धाकट्या जावेच्या खाली छापलं होतं. कुणाला साडीखरेदीला बोलावलं नव्हतं. एका आत्याचं म्हणणं, तिच्या जावयाला नुसतं 'सहकुटुंब' केलंय, त्याला काय नाव न्हाय? स्वरूपची आई जयाबाई सकाळी सातपासून फोन कानाला लावून बसायची आणि 'व्हय की, चुकलंच' म्हणत राहायची. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकीच्या दोन झाल्या.

रचनाला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिचं एकच मागणं होतं आणि ते तिनं सरळ सांगितलं होतं. भटजी माइकवरून म्हणतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, तेव्हा तिला घेऊन यायला भावकूमामाच पाहिजे. चुलतमामा नको, मानलेला मामा नको. भावकूमामा पाठीशी उभा नसला तर ती खोलीतून बाहेर येणार नव्हती, मग मुहूर्त टळला तरी बेहत्तर.

आणि भावकूमामा येईल अशी लक्षणं नव्हती. मामा निपाणीजवळच्या कोगनोळीचा. नऊ वर्षांपूर्वी या घराची वास्तुशांती झाली, तेव्हा तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, खुर्चीचा पाय मोडला आणि मामा फेट्यासकट आडवा झाला. सगळा मांडव हसला. पण सगळ्यांचं हसू ओसरल्यावरही एक माणूस हसतच राहिला, तो म्हणजे स्वरूपचा थोरला चुलता, मारुतीकाका, लोंढ्याला रेल्वेत होता तो. मामा न जेवता निघून गेला. तेव्हापासून दोघांचं तोंड बघणं बंद. महादेवराव होते तोवर दोन्ही दारांत जाऊन दोघांनाही चुचकारायचे. ते गेल्यावर चुचकारणारंच कुणी राहिलं नाही. आता तर दोघंही या घराचा फोन उचलत नव्हते.

तेव्हा स्वरूपनं ठरवलं की हे प्रकरण शास्त्रशुद्ध मिटवायचं. घरासाठी एक ट्रॅकर उभा केला, फोनवरून भरायचा साधा अर्ज केला आणि सगळ्या नातेवाइकांना कळवलं, ज्याचा जो रुसवा असेल तो इथं लिहा, प्रत्येकाची दखल घेतली जाईल. लिहिता येत नसेल तर बोला, फोन लिहून घेईल. जयाबाई म्हणाली, अरे माणसं आहेत ती. स्वरूप म्हणाला, माणसाची असो की मशीनची, तक्रार ती तक्रारच.

आणि खरं सांगायचं तर पहिले चार दिवस त्याचं बरोबर ठरलं. चव्वेचाळीस तक्रारी आल्या. तक्रार आली की समोरच्याच्या फोनवर आपोआप निरोप जायचा, आपली तक्रार अमुक नंबरला नोंदवली आहे. या निरोपानं माणसं हरखून गेली. जन्मभर रुसून ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या रुसव्याला नंबर मिळाला होता. ती जावयावरून रुसलेली आत्या तर गल्लीत सांगत सुटली की माझा चौथा नंबर आहे. जयाबाईचा फोन थंडावला. स्वरूप आईकडं बघून मिशीतल्या मिशीत हसायला लागला.

एक गोष्ट मात्र त्यानं केली नाही. त्या चव्वेचाळिसांतली एकही तक्रार वाचली नाही. तशी गरजच काय होती? ऑब्जेक्टच्या पोटात सगळं असतंच की. किती आल्या, किती उरल्या, तेवढे आकडे तो बघायचा.

रविवारी सकाळी नाष्टा करता करता त्यानं लायब्ररीला सांगितलं, सगळ्या तक्रारी चाळ आणि ज्यांचे शब्द बहुतांशी सारखे आहेत त्यातल्या नंतरच्या नक्कल म्हणून बंद कर. पोह्यांचा घास तोंडात असतानाच काम झालं. चव्वेचाळिसांत एकच जोडी सापडली. सतरा नंबरची तक्रार ही नऊ नंबरची नक्कल. चला, एक कमी झाली म्हणून त्यानं पोह्यावर लिंबू पिळलं. नावं बघायचं त्याला सुचलं ते चहा पिताना, आणि बघितल्यावर चहाचा कप खाली ठेवायचं सुचलं नाही. नऊ नंबर मारुतीकाकाचा होता. सतरा नंबर भावकूमामाचा.

निरोप केव्हाच गेले होते. कंपनीत ते कुण्या इंजिनिअरला जायचे आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. इथं कोगनोळीत मामाच्या सुनेनं, दिपालीनं, चूल सोडून मामाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, की आपली तक्रार ही श्री. मारुतीराव यांच्या तक्रारीची नक्कल असल्यामुळे बंद करण्यात येत आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद. आणि तिकडं लोंढ्यात काकाला कळलं होतं, की आपल्या तक्रारीची भावकू यांनी केलेली नक्कल बंद करण्यात आली आहे.

रचनाला सगळं सांगावंच लागलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. भावाकडं बघून एवढंच म्हणाली की मुहूर्ताच्या वेळी तूच जाऊन भटजींना सांग, मुलीचा मामा बंद करण्यात आला आहे. स्वरूपला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं दोघांना फोन लावले. नेहमीप्रमाणं दोघांनीही उचलले नाहीत, आणि या वेळी त्याचं कारण वेगळं होतं, दोघंही वाटेत होते.

साडेबाराला निपाणी गाडीनं आलेला मामा रिक्षातून उतरला. अजून त्यानं पायावर पाणी घेतलं नव्हतं, तोवर रेल्वेनं आलेले काका फाटकातून आत शिरले. महादेवरावांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच दोघं एका छपराखाली आले होते. जयाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि दोघांना पाणी दिलं. कुणी पाण्याला हात लावला नाही.

"मी जन्मात कुणाची नक्कल केली न्हाय," मामा म्हणाला. "आन् केलीच तर ह्याची करीन व्हय? काय बघून?"

काकांचं उलटंच होतं. त्यांच्या मते चोरी त्यांची झाली होती. रात्र जागून त्यांनी स्वतःच्या हातानं शुद्ध मराठीत तक्रार लिहिली होती आणि ती भावकूनं ढापली. नंबरच सांगतोय, नऊ आधी की सतरा आधी? मामा म्हणाला, आधी जेवायला बसणारा काय अन्न पिकवतो व्हय? मग रेल्वे निघाली, कोगनोळी निघाली, दोघांच्या गावांचा उद्धार झाला. शेवटी स्वरूपला दोघांनी एकदमच हुकूम सोडला, वाच दोन्ही, इथं, सगळ्यांसमोर, मग कळू दे कोण चोर आहे ते.

स्वरूपनं लॅपटॉप मांडीवर घेतला. आधी नऊ नंबर उघडला आणि पहिल्यांदाच वाचला.

"रचनाचं लग्न ठरल्याचं मला लोंढा स्टेशनवर चहावाल्याकडून समजलं. महादेव असता तर पेढे घेऊन आधी माझ्या दारात आला असता. आता मी लग्नाला गेलो काय आणि न गेलो काय, त्या घरात मला हाक मारणारं कोण उरलं आहे?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. स्वरूपनं सतरा नंबर उघडला. मामा सुनेच्या फोनमध्ये बोलला होता आणि फोननं ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

"रचनाचं लग्न ठरल्यालं मला निपाणीच्या स्टँडवर कंडक्टरकडनं समजलं. दाजी असतं तर पेढे घिऊन आधी माझ्या दारात आलं असतं. उन्हाळ्यात कलिंगडं घिऊन यायचं. आता मी लग्नाला गेलो काय आन् न गेलो काय, त्या घरात मला हाक मारणारं कोण ऱ्हायलंय?"

आतल्या दाराशी जयाबाईनं पदर तोंडाला लावला. स्वरूपला स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. वडिलांच्या आठवणीनं लिहिलेल्या या दोन तक्रारी चार दिवस त्याच्या मशीनमध्ये पडून होत्या आणि तो त्या मोजत बसला होता.

मग काकांनी खिडकीकडंच तोंड ठेवून विचारलं, "कलिंगडं? किती आणायचा?"

"दर उन्हाळ्याला दोन," मामा म्हणाला.

"मला एकच आणायचा."

मामानं यावर विचार केला. "तुमच्यात खाणारी माणसं कमी," तो अखेर म्हणाला, आणि आवाजात समजूत घातल्यासारखा सूर होता. काका म्हणाले, तसंच असंल, पण दोन आणली असती तर टाकून दिली नसती. मग दोघांनीही पाण्याचे तांबे उचलले.

जेवणं झाल्यावर स्वरूप दोघांच्या पाया पडला. म्हणाला, चूक माझी आहे, मामाची तक्रार मी पुन्हा उघडलीय, आता दोन्ही उघड्या आहेत. उद्या पेढे आणि अक्षता घेऊन लोंढ्याला जातो, परवा कोगनोळीला येतो, रीतसर आमंत्रण देतो. त्यानंतर तुम्ही म्हणाल तेव्हाच बंद करीन. काकांनी मान डोलावली. मामानं मात्र हात आडवा केला.

"माझी बंद करू नगंस," तो म्हणाला. "दाजी गेलं तवा तेरावं झालं आन् सगळी म्हणाली, चला, पार पडलं. जो तो आपल्या गाडीला लागला. परत ह्या घरानं मला इचारलं न्हाय. ही उघडी हाय तवर तरी तुझ्या ध्यानात ऱ्हाईल, मामाचं काय तरी ऱ्हायलंय म्हणून."

तक्रार उघडी म्हणजे मामा येणार नाही, असाच रचनानं अर्थ घेतला. ती पुढं येऊन मामासमोर बसली.

"मग लग्नाला, मामा?"

मामा तिच्याकडं बघतच राहिला, जणू ही पोरगी असं काही विचारील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"येडी हाईस का गं?" तो म्हणाला. "तुझ्या लग्नाला यायचं न यायचं हे काय तक्रारीवर हाय? फेट्याचं कापड आणून महिना झाला. बलीवलं नसतंत तरी येऊन मांडवाच्या मागं उभा ऱ्हायलो असतो."