दुपारचं कुलूप

गेल्या भाद्रपदात आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, जपून काढलेलं अक्षर. पाकिटावर लिहिलं होतं, 'चिटणीस, ज्येष्ठ नागरिक संघ', आणि खाली आमच्या कॉलनीचं नाव. चिटणीस म्हणजे मी. अक्षर बरं आहे आणि कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढ्या दोन गुणांवर माझी निवड झाली होती.

पत्र पेठ तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहातून ललिता नावाच्या मुलीनं लिहिलं होतं. तिची आई भागीबाई आमच्या कॉलनीत सकाळी चार घरची धुणीभांडी करते, संध्याकाळी पुन्हा त्याच घरांत येते. मधल्या वेळात अंबडच्या पलीकडच्या खोलीवर जाऊन परत येणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. कॉलनीच्या बागेत करंजाची सावली आहे, पाण्याचा नळ आहे, पण अकरा ते चार फाटकाला कुलूप असतं. 'दुपारी आईला आत बसू द्याल का? ती काही तोडणार नाही.' एवढंच मागणं होतं.

बाग सरकारी, देखभाल संघाकडे आणि किल्ली अध्यक्ष नाथाभाऊंकडे. नाथाभाऊ मूळचे सटाण्याचे, कांद्याच्या व्यापारातून निवृत्त झालेले. मनानं चांगले, पण आवाज असा की समोरचा आपलं वाक्य विसरतो. दुपारी पत्ते कुटणारी टोळकी यायची, म्हणून कुलूप त्यांनीच लावलेलं. त्यांच्यासमोर हे पत्र वाचायचं मला धाडस झालं नाही. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि इतिवृत्तात लिहिलं, 'आलेली पत्रं : निरंक.'

आमच्या सभेत मागचं इतिवृत्त मी वाचतो आणि बाकीचे मधुमेहावर बोलतात. वाचून झालं की नाथाभाऊ आपल्या अहिराणीत "मंजूर शे!" म्हणून सही ठोकतात. त्या महिन्याचं इतिवृत्तही तसंच मंजूर झालं. म्हणजे कागदोपत्री ते पत्र आलंच नव्हतं. लाज वाटायची, पण खण उघडायचा नाही एवढं पाळलं की दिवस निघून जायचा.

चैत्रात एका दुपारी मी बँकेतून घरी निघालो होतो. एक वाजला असेल. बागेच्या फाटकाबाहेर, वेळापत्रकाच्या पाटीची हातभर सावली पडली होती, तिच्यात एक बाई भाकरी खात बसली होती. सावली सरकली तशी डबा उचलून तीही सरकली. मी पुढे गेलो, कोपऱ्यावरून परत आलो.

"तुम्ही भागीबाई का?"

"व्हय. तुमी ते पुस्तकवालं बाबा ना? लय दिस बघते."

"उन्हात का बसलात?" मी विचारलं. प्रश्न किती खोटा आहे ते विचारतानाच कळलं.

"मग कुठं बसू? माझ्या पोरीनं चिठ्ठी धाडली व्हती इथं. उत्तर नाय आलं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "मी म्हटलं तिला, मोठी माणसं हायेत, इचार करत असतील."

"सात महिने?"

"मोठा इचार असंल," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "नायतर टपालात हरवली असंल. पोर म्हणती, पुन्हा लिवू का? मी म्हटलं, परीक्षा चाललीय, गप अभ्यास कर."

घरी आलो, खण उघडला, पत्र सदऱ्याच्या खिशात घातलं. रविवारी सभा होती.

रविवारी सकाळी सात वाजता बागेतल्या पत्र्याच्या शेडखाली आम्ही बारा जण जमलो. नेहमीप्रमाणे नाथाभाऊ म्हणाले, "वाचा रंगनाथराव, म्हणजे चहाला मोकळे."

"आज वाचणार नाही," मी म्हणालो. "भाद्रपदाच्या इतिवृत्तात चूक आहे. ती आधी दुरुस्त करायची आहे."

"तुमची चूक? आज सूर्य सटाण्याकडून उगवला का काय?"

सगळे हसले. एरवी मी बसलो असतो. उभाच राहिलो. "चूक म्हणजे, मी खोटं लिहिलं. पत्र आलं होतं. मी लपवलं." आणि पत्र वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मधुमेह थांबला होता.

नाथाभाऊंनी आधी चष्मा पुसला. "हे बघा, बाई गरीब आहे, मान्य. पण एकीला उघडलं की पत्तेवाले दहा येतील. लक्ष कोण ठेवणार? तुम्ही?"

"मी."

"तुम्ही पुस्तकात डोकं घातलं की चोरानं खालचं बाकडं नेलं तरी उठायचे नाहीत!"

"तुमचं तरी काय, नाथाभाऊ?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्या अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्यात, कुणाला भीत नाहीत. "दुपारी घोरता ते माझ्या गॅलरीत ऐकू येतं. आणि ती भागीबाई तुमच्याकडचीच भांडी घासून उन्हात बसते ना?"

नाथाभाऊंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बरं, पुढच्या सभेत बघू."

"आजच," मी म्हणालो. "आणि मंजूर-मंजूर नको. हात वर करा. मी मोजतो."

संघाच्या इतिहासात हात कधी वर झाले नव्हते. कुणी अर्धा वर केला, कुणी शेजाऱ्याकडे पाहून केला. सात बाजूनं, पाच विरुद्ध. नाथाभाऊ पाचात होते. त्यांनी जुडग्यातून किल्ली काढली, माझ्या हातात आपटली. "एक महिना. एक जरी पत्त्यांचा डाव दिसला, तर कुलूप."

"चालेल," मी म्हणालो. भाद्रपदाच्या पानावर 'निरंक' खोडून 'एक' लिहिलं, बाजूला माझी सही केली. मग वही नाथाभाऊंपुढे धरली. त्यांनी ते पान पहिल्यांदाच वाचलं आणि सही केली.

सोमवारी अकरा वाजता मी फाटकाला कुलूप घातलं नाही. भागीबाई आली आणि सवयीनं बाहेरच बसली. मला उठून बोलवायला जावं लागलं.

"कुणी हाकलणार नाय ना?"

"मी बसलोय ना इथं."

करंजाखाली तिनं पाय लांब केले. नळावर तोंड धुतलं, डबा उघडला आणि चटणी माझ्यापुढे धरली. तिखट होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून ती हसली. मग पदर डोक्यावर ओढून झोपली. मी गुडघ्यावर वही घेतली.

'चि. ललिता, तुझं पत्र पोचलं होतं. टपालाची चूक नव्हती. मी घाबरून उत्तर दिलं नाही, आणि ते आलंच नाही असं लिहून ठेवलं. ते आता दुरुस्त केलं आहे. बाग दुपारी उघडी असते. एका महिन्याचा निर्णय आहे, तो पुढे चालू ठेवायचं काम माझं. आई आत्ता करंजाखाली झोपली आहे. परीक्षा नीट दे. रंगनाथ, चिटणीस.'

नेहमीप्रमाणे मसुदा पुन्हा लिहावासा वाटला. लिहिला नाही. तीनला उज्ज्वलाताईंना फाटकाकडे लक्ष ठेवायला सांगून पोस्टात गेलो, तिकीट लावलं, वसतिगृहाचा पत्ता एकदा ताडून पाहिला आणि पाकीट पेटीत टाकलं.