मूळचे कोण?

केंद्रप्रमुख वर्ग तपासायला आले आणि सातवीच्या शेवटच्या बाकावर ऐसपैस बसले. लिडियाबाई गोष्ट वाचून दाखवत होत्या. लंडनमधल्या एका काळ्या पोरीला शेजारीण विचारते, "तू मूळची कुठली?" पोरगी म्हणते, "याच गल्लीतली." शेजारीण हसते. "तसं नव्हे गं, मूळची?"

साहेबांना राहवेना. ताडकन उठून त्यांनी अर्धा तास भाषण ठोकलं. गोरे कसे नीच, आपण कसे थोर, आपल्याकडे असलं काही नाहीच म्हणे! बाईंचे कान किटले. साता समुद्रापलीकडची घाण यांना बसल्या जागेवरून दिसते, पायाखालची तेवढी दिसत नाही.

मग शेरेबुक पुढं ओढून साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "लिडिया गायकवाड म्हणजे... मूळचे कोण तुम्ही?"

"याच गावचे, काष्टीचे," बाई म्हणाल्या. "आजोबासुद्धा याच शाळेत शिकले."

साहेब हसले. "तसं नव्हे हो, मूळचे?"

सगळा वर्ग फिसकन हसला. पहिल्या बाकावरची सायली पुस्तक घेऊन उभी राहिली.

"सर, तुमी शेजारनीचं वाचताय व्हय? मग पोरीचं मी वाचते."