सतरावा संदर्भ

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत बाइंडिंगचं एकच जुनं दुकान उरलं होतं, आणि ते चालवणाऱ्या माणसाला सगळे खळकाका म्हणत. खरं नाव फार थोड्यांना माहीत. बोटांना कायम खळ लागलेली, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला आणि जिभेला हाड नाही. शिक्षण सातवीपर्यंत; पण चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून जेवढे प्रबंध गेले, तेवढे एखाद्या कुलगुरूंनी पाहिलेसुद्धा नसतील. वाचायचं तर सोडाच.

त्यांना एक खोड होती. प्रबंध हातात आला की ते तो मागून उघडत. संदर्भसूचीवर अंगठा ठेवायचा आणि एकेक नाव करत खाली उतरायचं. जमा करायची मुदत डोक्यावर, विद्यार्थी दारात पाय आपटतोय, आणि हे आपले सूची वाचताहेत.

"या एका माणसाला तू बावीस वेळा बोलावलंयस," ते म्हणत. "तुझ्याकडेच राहायला आलाय की काय?"

एकाची सूची जेमतेम अर्ध्या पानाची निघाली, तेव्हा त्याला विचारलं, "बाकीचं तुला आकाशातून पडलं का रे?"

कुणाकडून काय घेतलं हे ज्याला सांगता येतं तो माणूस खरा, असं त्यांचं साधं गणित. स्वतःलाही तोच नियम लावलेला. सगळं काम झालं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात ते नखाएवढं एक लेबल चिकटवत. त्यावर दुकानाचं नाव आणि मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांचं स्वतःचं. उद्या पान सुटलं तर शिव्या कुणाला घालायच्या हे कळायला नको का, असं वर म्हणत.

शिव्या घालायला कुणी आलाच तर त्याच्यासाठी दुकानात एक खास स्टूल होतं. दुकानातली सगळ्यात चांगली बसायची जागा तीच. गादी लावलेली, पाय न डुगडुगणारी. खळकाका स्वतः मोडक्या खुर्चीवर बसत आणि स्टूल तक्रारवाल्यासाठी राखून ठेवत. "उभं गिऱ्हाईक भांडतं," ते लेकीला सांगत, "बसलेलं गिऱ्हाईक सांगतं. काय बिघडलंय ते कळलं की पुढचं सोपं असतं गं."

ही लेक त्यांची एकुलती एक. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट दुकानात. पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसून अभ्यास केला, कातरणांच्या पाठीवर गणितं सोडवली, आणि शिकत शिकत ती त्याच विद्यापीठात व्यवसायशास्त्राच्या पीएचडीला लागली. विषय घेतला: छोटे धंदे टिकतात ते कशामुळे. मोठ्या धंद्यांवर लिहिणारे उदंड पडलेत, तिला आपल्या गल्लीवर लिहायचं होतं.

ती त्रेसष्ट दुकानं फिरली. घड्याळं दुरुस्त करणारे, चष्मेवाले, शिंपी, चपला सांधणारे. प्रत्येक ठिकाणी बाकीच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न विचारला: तक्रार घेऊन आलेला माणूस तुमच्याकडे कुठे बसतो? आणि काय आश्चर्य, जिथे त्याला बसायला काहीतरी होतं, ती दुकानं वीस-वीस वर्षं उभी होती. जिथे तो काउंटरपलीकडे ताटकळत उभा राहायचा, तिथल्या निम्म्या पाट्या बदललेल्या. चौथं प्रकरण त्यावरच उभं राहिलं, आणि प्रबंधाचा जीव त्या चौथ्या प्रकरणात होता.

"बाबा, हे तुमचं आहे," ती म्हणाली. "मागच्या यादीत तुमचं नाव येणार. छापील. आडनावाच्या अक्षराप्रमाणे मध्येच कुठेतरी."

"माझं? त्या सगळ्या डॉक्टर लोकांच्यात?" खळकाका हसले, पण त्या दिवशी खळ घोटताना ते शीळ घालत होते. संध्याकाळपर्यंत समोरच्या झेरॉक्सवाल्याला कळलं, आठवड्याभरात गल्लीला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या याद्या वाचल्या, तो आता एका यादीत येणार होता.

मोडता घातला मार्गदर्शक सरांनी. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि वाईट माणसापासून निदान सावध तरी राहता येतं.

"वडील हा संदर्भ होत नाही," सर म्हणाले. "परीक्षक म्हणतील, घरचंच संशोधन. पूर्वग्रह म्हणतील. सगळं चौथं प्रकरण हलकं पडेल. छापील काहीतरी शोधा."

"पण सर, ही कल्पना त्यांचीच..."

"मग काय झालं? कुणीतरी कुठेतरी लिहिलेलं असणारच. शोधा."

तिने शोधलं. दवाखान्यांतल्या बसायच्या जागांवर कुठल्यातरी परदेशी मासिकात एक लेख सापडला. त्यात तक्रार नव्हती की दुकान नव्हतं; रुग्णाला बसायला मिळालं की तो कमी चिडतो एवढं दोन ओळींत होतं. तिने वडिलांचं वाक्य जरा इस्त्री करून लिहिलं आणि त्यापुढे कंसात त्या परदेशी माणसाचं नाव घातलं. मुदत जवळ आली होती, नोकरीची जाहिरात निघाली होती, आणि माणूस अशा वेळी फार पटापट टाइप करतो.

पाच प्रती घेऊन ती दुकानात आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पलीकडच्या रस्त्यावर मशीनवर बाइंडिंग करणाऱ्याकडे जावं असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. तेवढी हिंमत मात्र झाली नाही.

खळकाकांनी हात धुतले, पुसले, परत पुसले. पहिली प्रत घेतली आणि मागून उघडली.

अंगठा खाली उतरू लागला. ती शेल्फवरच्या दोऱ्याच्या रिळांकडे बघत राहिली. अंगठा एका जागी थांबला, दोन ओळींच्या मध्ये जरासा रेंगाळला, आणि मग शेवटापर्यंत गेला. पान उलटून त्यांनी कोरी बाजूसुद्धा पाहिली.

"बाबा, सर म्हणाले की..." आणि तिने सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघून.

"म्हणजे परीक्षकाला कळलं, की हे तुझ्या बापाचं बोलणं आहे, तर तुझे मार्क जातील?"

"मार्क नसतात बाबा. पण काम हलकं पडेल, असं सर म्हणतात."

"मग बरोबर आहे त्यांचं." त्यांनी पानं टेबलावर ठोकून सारखी केली. "अगं, बाइंडरचं नाव कधी पुस्तकावर असतं का? तू काय वेडी आहेस? जा, चारला ये. आणि येताना जेवून ये, तोंड बघ कसं झालंय."

तिला इतकं हलकं वाटलं की ती खरोखर जाऊन जेवली. पुढे कितीतरी महिने तिला त्या जेवणाची लाज वाटणार होती. चार वाजता पाचही प्रती तयार होत्या. गडद निळं कापड, कोपरे घट्ट, कण्याच्या टोकाला हाताने विणलेला लाल-काळ्या दोऱ्याचा गोट. हल्ली असा गोट ते कुणालाच विणून देत नसत, डोळे दुखायचे. तिने प्रती पिशवीत भरल्या आणि जमा केल्या. उघडून पाहिल्या नाहीत.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी दाबाच्या प्रेसचा स्क्रू आवळता आवळता खळकाका खाली बसले ते उठलेच नाहीत. झेरॉक्सवाल्यानेच तिला फोन केला.

तो घरी भेटायला आला, दाराशीच टेकला. मग म्हणाला, "ताई, एक मागू का? ती यादी जरा दाखवता? काका सांगत होते ना, नाव आलंय म्हणून. सतरावं. मी म्हटलं पेढे द्या, तर म्हणाले, आधी तिची परीक्षा होऊ दे."

प्रत विद्यापीठात आहे, एवढंच ती म्हणाली. बापाने गल्लीसमोर लेकीची लाज राखली होती, आणि ती राखायला त्याला खोटं बोलावं लागलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यादीतलं खोटं पकडणाऱ्या माणसाला. त्या रात्री आणि त्यापुढच्या कितीतरी रात्री तिला झोप नव्हती.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या एक वयस्कर बाई परीक्षक म्हणून आल्या. त्यांनी प्रबंध घेतला आणि पहिल्यांदा कण्यावरच्या गोटावरून बोट फिरवलं. मग मागचा पुठ्ठा उघडला. खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"हे काम खळकाकांचं आहे ना? मी इथेच शिकले. माझाही प्रबंध त्यांनीच बांधला. पण लेबल कुठंय?"

ती वाकून बघायला गेली. कोपरा कोरा होता. टेबलावर उरलेल्या प्रती होत्या, तिने एकेक करून उघडल्या. पाचही कोपरे कोरे. लेबलावर नाव असतं, नावाला आडनाव असतं, आणि तेच आडनाव प्रबंधाच्या पहिल्या पानावर होतं. कुणाला नातं कळू नये, लेकीचं काम हलकं पडू नये, म्हणून त्या माणसाने चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपलं काम बेवारस सोडलं होतं.

"ते माझे वडील होते," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर रडली. सर खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंनी तिला पाणी दिलं. मग चौथं प्रकरण उघडलं. "आणि हे वाक्य? हा परदेशी लेख मी वाचलाय. त्यात हे नाही."

"तेही त्यांचंच आहे."

"मला माहितीये. माझी दोन पानं उलटी शिवली गेली होती, म्हणून मी भांडायला गेले होते. त्यांनी मला त्या स्टुलावर बसवलं आणि हेच ऐकवलं." बाईंनी सरांकडे पाहिलं. "तोंडी माहिती हाही संदर्भच असतो. नाव लिहायचं, नातं लिहायचं, तारीख घालायची. एवढंच तर होतं. सुधारून पुन्हा जमा कर."

एवढंच होतं. एक ओळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकान उघडलं. बापाच्या मोडक्या खुर्चीत बसून मांडीवर लॅपटॉप घेतला. परदेशी माणसाची ओळ काढून टाकावी, असं तिच्या मनात होतं. पण दवाखान्याबद्दल त्याने खरंच काहीतरी सांगितलं होतं. जे त्याचं, तेवढं त्याच्याकडे राहू दिलं. मग वडिलांचं नाव लिहिलं, "संशोधकाचे वडील, बाइंडर" असं लिहिलं. तारखेपाशी अडली. हे वाक्य त्यांनी हजार वेळा म्हटलेलं. शेवटी तिने त्या सकाळची तारीख घातली, जेव्हा त्यांनी अंगठा ठेवून यादी वाचली होती.

आडनावाच्या अक्षराप्रमाणे ओळ आपोआप वर सरकली आणि दोन नावांच्या मध्ये जाऊन बसली. तिने शेजारचा आकडा पाहिला.

सतरा.

अंगठा तिथेच थांबला होता. दोन ओळींच्या मध्ये. झेरॉक्सवाल्याला सांगितलेला आकडा खोटा नव्हता. आपली जागा त्यांनी मोजून पाहिली होती, आणि ती रिकामी आहे एवढंच सांगितलं नव्हतं.

ती उठली. समोर ते स्टूल होतं, गादीवर महिन्यांची धूळ. तिने धूळ झटकली नाही, तशीच बसली, मोडक्या खुर्चीकडे तोंड करून. बसलेला माणूस सांगतो म्हणतात. ती दुपारपर्यंत सांगत राहिली.