हात घालायचं मडकं

आमच्या घरात सकाळ झाली हे कोंबड्याच्या आधी सासूबाईंच्या बांगड्या सांगायच्या. उठल्या की चूळही न भरता त्या भिंतीला हात लावत लावत धान्याच्या खोलीत जायच्या, कणगीचं झाकण सरकवायच्या आणि उजवा हात कोपरापर्यंत ज्वारीत खुपसायच्या. मग डोळे मिटून उभ्या. डोळे तसेही नावालाच उरले होते, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. जरा वेळानं आतून आवाज यायचा, "गार आहे." मग मी चूल पेटवायची.

ज्वारी गार म्हणजे सगळं ठीक. आत कीड लागली की धान्य ऊब धरतं, तापकरी पोराच्या अंगासारखं. तशी ऊब लागली की सासूबाई काही बोलायच्या नाहीत, पदरानं नुसता हात पुसत बसायच्या. दरवर्षी तो दिवस यायचाच. मग काढा सगळी ज्वारी, घाला उन्हात, पाखडा, निवडा, परत भरा. पण सोंडे, ते ज्वारीतले किडे, मेले कसले! आठवड्यात दामदुपटीनं हजर. नवं पीक अजून गुडघ्याएवढं असायचं आणि आमच्या कणगीच्या तळाशी नुसता भुसा. बरोबर त्याच सुमाराला मुकादमाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंपू वाजवायचा, आणि आमचे हे गाठोडं उचलून वीटभट्टीवर जायचे. चिमणी, म्हणजे आमची लेक, जन्मली तेव्हा हे भट्टीवर. परत आले तेव्हा तिनं यांना बघून असं भोकाड पसरलं, की हे बिचारे अंगणातच बसून राहिले. त्या रात्री जेवलेसुद्धा नाहीत.

यंदा धान्य साठवायच्या नव्या पिशव्या दाखवायला एक बाई गावात आल्या. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी घातली, दोन्ही पोत्यात घातल्या, धान्य भरलं, वरची हवा दाबून काढली, पिळा मारला, दुमडलं आणि करकचून बांधलं.

"आत किडे असले तर असू देत," बाई म्हणाल्या. "त्यांनाही श्वास लागतोच ना? आतली हवा संपली की तेही संपले. एकच करायचं. मध्ये उघडायचं नाही."

मी तोंडाची फटकळ, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मी म्हटलं, "अहो बाई, धान्य आमचं, घर आमचं, आणि बघायचं नाही? हा कुठला न्याय?"

सगळे हसले. बाई पण हसल्या. "ताई, बघितलंत की हवा गेली आत. हवा गेली की ते जगले. तुमच्या बघण्यावरच जगतात ते."

घरी येताना हे हळूच म्हणाले, "यंदा नवं पीक येईपर्यंत पुरलं ना, तर मी ट्रकात चढणार नाही." मला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते, आणि हिशेब केला तर हेही पोर नेमकं त्या उपाशी महिन्यांतच यायचं होतं. यांनीही तो हिशेब केला असणार. आमचं पोट आणि आमचा माणूस, दोन्ही त्या पिशव्यांवर टांगलेलं होतं.

रोजच्या खाण्यापुरती कणगीत ठेवून सुगीची ज्वारी तीन पिशव्यांत बसली, थोडी उरली. सासूबाई म्हणाल्या, "ती मडक्यात भर. ती माझ्या हाताला."

"हाताला म्हणजे?"

"म्हणजे हात शिवशिवला तर घालायला. पिशव्यांना कुणी शिवायचं नाही. आणि मडक्यातही फक्त माझाच हात हं. दहा हात लागले की धान्य बिघडतं." मडक्यावर फडकं बांधून त्यांनी ते पिशव्यांशेजारी ठेवलं.

धान्याची खोली घरात सगळ्यात गार. जडावलेल्या अंगानं मी दुपारी तिथंच पडायची. सुरुवातीला पिशवीला कान लावला की आत बारीक किरकिर ऐकू यायची, लांब कुणीतरी काहीतरी चावत बसल्यासारखी. पुढं ती विरत गेली. एक दिवस काहीच नाही. मला किरकिरीपेक्षा त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

त्या दुपारी पहिल्यांदा ते स्वप्न पडलं. मी पिशवीच्या आत आहे, गळ्यापर्यंत ज्वारीत. हे पण आहेत, मांडीवर चिमणी. समोर सोंडे बसलेत, सोंडा वर करून, शहाण्यासारखे. सगळ्यांनी श्वास धरलाय. ज्वारीतून मंद पिवळा उजेड येतोय आणि कुणालाही भूक नाही. एवढ्यात बाहेरून कुणीतरी गाठ सोडायला लागतं. मला ओरडायचंय, अरे उघडू नका! पण ओरडायला श्वास सोडावा लागतो, आणि सोडला तर उरलेला संपेल. मी यांच्याकडे बघते. यांची पाठ माझ्याकडे असते.

जाग आली तेव्हा कौलाच्या फटीतलं ऊन एका पिशवीवरून दुसरीवर सरकत होतं. पोटातलं पोर कूस बदलत होतं. आणि माझा हात? माझा हात गाठीवर! कधी गेला मलाच कळलं नाही.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "झाकली मूठ सव्वा लाखाची गं."

दिसत नाही म्हणे म्हातारीला! मी चरफडत हात काढून घेतला.

सकाळच्या त्यांच्या "गार आहे"मध्ये कधी खंड पडला नाही. फक्त पुढं पुढं मडक्यातून हात काढला की त्या कोपरापर्यंत तेल चोळायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "म्हातारपण. कातडी कोरडी पडते." मीही म्हटलं, असेल.

आमच्या शेजारी भोंगाकाकू राहायच्या. त्यांच्या घरात काही घडलं की वेशीपर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव. त्यांनी पण पिशव्या भरल्या होत्या, पण आल्यागेल्याला चहाच्या आधी पिशवी उघडून दाखवायच्या. बघा, कशी टपोरी! रोज सकाळी स्वतः बघायच्या ते वेगळं. त्यांना तरी कशाला हसायचं? आमच्या गावात ज्याचा जीव ज्या वस्तूत, ती वस्तू तो दिवसातून एकदा तरी चाचपणार. तान्ह्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी माणसं आम्ही.

आणि मग एके दुपारी भोंगा वाजला. "मेलं सगळं फसवं निघालं गं बाई! पिशवीभर सोंडे!"

गल्ली त्यांच्या दारात लोटली. मीही गेले. पिशवीचं तोंड सगळं वळवळत होतं. बायका आपापल्या घरी पळाल्या, पिशव्या सोडायला. मी पण तरातरा घरी आले आणि भिंतीवरचा विळा उपसला.

सासूबाई खोलीच्या उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या.

"सरका, आई."

"नाही सरकत."

"माझं डोकं फिरवू नका! काकूंच्या पिशवीत…"

"ऐकलं. तिचं सगळ्या गावाला ऐकू येतं. तिनं किती वेळा उघडली ती?"

"रोज. पण आपलंही आत पीठ झालं असलं तर? मुकादम यायला टेकलाय. हे गेले नाहीत आणि आत भुसा निघाला तर खायचं काय, माती?"

त्यांनी शांतपणे मडकं मांडीवर ओढलं, फडकं सैल केलं, हात घातला. "हीसुद्धा त्याच ढिगातली ज्वारी ना? आणि ही तर उघडी. गार आहे बघ. उघड्यावरची टिकली, मग बांधलेली कशी बिघडेल?"

मी विळा टाकला आणि तिथंच बसून ढसाढसा रडले. त्या माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवत राहिल्या. उजवा मडक्यातच होता.

ट्रक आला. भोंपू वाजला. यांचं गाठोडं दारामागं तयारच होतं, दरवर्षीची सवय. हे सासूबाईंपुढं जाऊन बसले.

"आई, धीर द्यायला म्हणून खोटं बोलू नकोस. काय ते खरं सांग."

सासूबाईंनी मडक्यात हात घातला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. "गार आहे," त्या म्हणाल्या. "जा, सांग त्याला, येत नाही म्हणून."

हे गेले, सांगून आले. ट्रक निघाला, त्यात निम्म्या गल्लीचे पुरुष. रस्त्यावर धूळ बराच वेळ तरंगत होती आणि त्या धुळीत काय काय आकार दिसत होते. यांनी गाठोडं सोडून सदरा खुंटीवर टांगला. मी दिवसभर येता-जाता त्या सदऱ्याकडे बघत होते. चिमणी यांच्या खांद्यावर बसून केस ओढत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई चिमणीबरोबर परसात होत्या. झाडताना दिसलं, मडकं वाकडं बसलंय. सरळ करायला उचललं. मडकं हलकं होतं. पोकळ भोपळ्याएवढं हलकं.

मी फडकं सोडून हात घातला. पीठ. टरफलं. आणि त्या पिठात वळवळ. सोंडे माझ्या मनगटावरून भराभरा वर चढायला लागले. मी किंचाळले.

सासूबाई भिंत चाचपत आल्या. दारात थांबल्या. "कळलं वाटतं," म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या पावसातच ऊब लागली."

"आणि रोज सकाळी गार म्हणायचात? पोटच्या पोराला? ट्रक गेला हो! तुम्ही आंधळ्या ते आंधळ्या, आम्हा सगळ्यांना धरून विहिरीत घेऊन निघालात!"

बोलू नये ते बोलले. त्या रागावल्या नाहीत. हळूच खाली बसल्या.

"ऊब लागली म्हटलं असतं, तर त्याच दिवशी तू तिन्ही पिशव्या सोडल्या असत्यास. मीही सोडल्या असत्या. जन्मभर तेच केलं मी, बघून बघून धान्य घालवलं. म्हटलं एकदा न बघता बघू."

"आणि आतही असंच निघालं तर?"

"तर माझं चुकलं." पदरानं हात पुसत त्या म्हणाल्या, "मला तुझ्या सासऱ्यांचं तोंड आठवत नाही गं. पाठ आठवते, ट्रकात चढतानाची. डोळे चांगले होते तेव्हा तेवढीच बघून ठेवली."

मी त्यांचा हात उजेडात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांध्या, खाजवून सोललेल्या. एवढे महिने रोज सकाळी त्या वळवळीत हात घालून, चेहरा न बदलता ही बाई "गार आहे" म्हणत होती. मी तेलाची वाटी आणली आणि चोळत बसले.

यांना मी सांगितलं नाही. सांगून काय, ट्रक परत येणार होता? दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्या वाजल्या, रिकाम्या मडक्यात हात गेला, आतून आवाज आला, "गार आहे." मी चुलीपाशी बसून मोठ्यानं म्हटलं, "बरं झालं बाई." यांनी निवांत कूस बदलली.

कणगीत रोजच्या खाण्याला वेगळी ठेवलेली ज्वारी संपली तो दिवस उगवला. मला धड वाकता येत नव्हतं. नवं पीक गुडघ्याच्या वर होतं, हिरवंगार आणि काही कामाचं नाही. यांनी पहिली पिशवी मधोमध ओढली. गाठ इतकी बसली होती की दात लावावे लागले. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला ते स्वप्न आठवत होतं, आणि मी खरंच श्वास धरला होता.

पिळा सुटला. वास आला. खळ्यावर ज्वारी झोडपतात त्या दिवसाचा वास, तसाच्या तसा, जणू मधले महिने गेलेच नव्हते.

"आई, आधी तू," हे म्हणाले.

सासूबाईंनी हात घातला. मनगट गेलं, बांगड्या गेल्या, कोपर गेलं. त्या बोलेनात.

"बोला की हो!" माझा धीरच सुटला.

त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गार," त्या म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात.

"तुमच्या 'गार'चा आता मी काय भरवसा धरू?" मी म्हटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. मी कशीबशी टेकले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात घातला. वर थोडे सोंडे होते, मेलेले, वाळलेले, फुंकरीनं उडतील असे. खाली ज्वारी. दाणा न् दाणा सुटा, गुळगुळीत, आणि गार. विहिरीच्या पाण्यासारखी गार. आत खोल त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यांनी ती घट्ट धरली.

यांनी टोपलीभर ज्वारी काढली, चिमणी मूठ भरून पळाली. बाईंनी बजावलं होतं, काढून झालं की लगेच हवा दाबून बांधा. हे दोरी घेऊन आले. सासूबाई पिशवीवर डोकं टेकून, हात आतच ठेवून झोपी गेल्या होत्या.

"राहू दे जरा," मी म्हटलं. "उठल्या की बांधू."