बांगड्यांचे ओरखडे

मी एक जुनी सायकल आहे असे सांगितले, तर तुम्ही हसाल. मित्रांनो, मला पाहून कोणीही म्हणेल की ही कालच दुकानातून आली असावी. माझ्या काळ्या रंगात तुम्हाला तुमचे तोंड दिसेल. पण माझी पन्नाशी केव्हाच उलटली आहे, आणि माझे ते वय कोणीतरी माझ्या अंगावरून खरवडून नेले. परक्याने नव्हे, घरच्याने. म्हणून तर ते एवढे लागते.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने नाशिकला आले, तेव्हा माझ्या अंगाला गवताचा पेंढा बांधलेला होता. पंचवटीतल्या एका गृहस्थांनी मला घरी नेले आणि त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाची, शरच्चंद्रांची झाले. शरच्चंद्र ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. पत्र्याला कुठे पोचा आला, कुठे केसाएवढा उंचवटा राहिला, हे ते डोळ्यांआधी बोटांनी शोधत. रोज सकाळी आडगाव नाक्यापर्यंत मी त्यांना नेई आणि पुढे कारखान्याची बस. संध्याकाळी परतल्यावर ते माझ्याही अंगावरून तसाच हात फिरवत. मला वाटे, आपणही एक विमानच आहोत. वाटायला काय जाते?

त्यांच्या पत्नी कुसुमताई रविवारी माझ्या कॅरिअरवर बसून बाजाराला येत. नदीकडचा उतार लागला की त्या घाबरून डाव्या हाताने सीटखालची नळी घट्ट धरत. "अहो, सावकाश," असे दर वेळी म्हणत, आणि शरच्चंद्र दर वेळी थोडे जोरातच सोडत. त्यांच्या बांगड्या माझ्या नळीवर घासत. वर्षानुवर्षे घासून तिथला रंग उडाला आणि बोटाला लागतील असे बारीक ओरखडे पडले. त्यांचा मुलगा मयुरेश वर्षाचा असताना पुढच्या दांडीवरच्या लहान सीटवर बसे. दात येत होते त्याला. त्याने माझ्या उजव्या मुठीचे रबर असे काही चावले की चार दातांच्या खुणा कायमच्या उमटल्या. मी मुळीच रागावले नाही.

मग शरच्चंद्रांच्या डोळ्यांत काचबिंदू आला. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी कारखाना सोडला आणि दोन वर्षांत पूर्ण अंधार झाला. पाच वर्षांनी कुसुमताई गेल्या. मी ओसरीत उभी राहू लागले. चाकांत हवा नव्हती, मडगार्डवर गंजाचे ठिपके उठले होते. पण माझी उपेक्षा झाली असे मी म्हणणार नाही. रोज सकाळी चहा झाला की शरच्चंद्र भिंतीला धरून माझ्यापाशी येत. आधी उजव्या मुठीवर अंगठा, मग सीटखाली बोटे. तिथे ती बराच वेळ थांबत. त्या घरात कुसुमताईंचा फोटो होता, पण तो डोळसांसाठी होता.

मयुरेशचा अंबडला रंगकामाचा कारखाना होता. लोखंडावर पावडर उडवून ते भट्टीत भाजायचे, म्हणजे रंग वर्षानुवर्षे हलत नाही. आपल्या कामाचा त्याला फार अभिमान, आणि त्याचे काम होतेही तसे. दोन हजार सहाच्या दसऱ्याआधी तो माझ्याकडे टक लावून पाहू लागला. आमचा जुना सायकल-मिस्त्री सावळीराम तेव्हा ओसरीत बसला होता.

"काका, हिला गंज चढलाय. असंच ठेवलं तर पत्रा खाऊन टाकेल," मयुरेश म्हणाला.

"गंजाला तेलाचं फडकं हाय ना," सावळीराम म्हणाला. "तेल, ग्रीस काय पायजे ते कर. रंगाला हात लावू नको. नवा रंग कुनीबी देतं, जुना कोन देनार?"

शरच्चंद्र आतून म्हणाले, "मयुरेश, तो म्हणतोय ते ऐक. रंग तसाच राहू दे."

"नाही लावत हात, बाबा. नुसतं तेलपाणी करून आणतो."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. म्हणून टेंपोत चढवले तेव्हा मी निर्धास्त होते. बारा वर्षे ज्याला शाळेत पोचवले, तो आपल्याला फसवील असे मनातही येत नाही.

अंबडला त्याने माझे भाग सुटे केले. मुठी काढून भंगाराच्या डब्यात टाकल्या. मग जुना रंग उडवायला वाळूचा झोत सुरू झाला. झोताची नळी त्याने स्वतः धरली होती, कामगाराला दिली नाही, एवढे त्याचे प्रेम. सीटखाली रंग मुळातच विरळ होता, तिथे त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. ओरखडे राहू नयेत म्हणून त्याने ती जागा पुन्हा एकदा घासली, अगदी मन लावून. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की कापणारा गुणगुणत होता.

दसऱ्याला सकाळी त्याने मला ओसरीत आणले. शेजारीपाजारी जमले. "काय चकाकतेय," म्हणाले. इतके कौतुक माझे जन्मात झाले नव्हते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. शरच्चंद्र झेंडूची माळ घेऊन बाहेर आले. त्यांचा अंगठा मुठीवर गेला आणि थबकला. बोटे सीटखाली गेली. वर गेली, खाली गेली, नळीभोवती फिरली.

"ही कोणाची सायकल?" त्यांनी विचारले.

"आपलीच, बाबा. तुमच्यासाठी नवी करून आणली."

"तू हात लावत नाही म्हणाला होतास," शरच्चंद्र म्हणाले. माळ त्यांनी मला घातली नाही. ती हातात तशीच घेऊन ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी मयुरेशने भंगाराचा डबा उपसला. डावी मूठ सापडली नाही, उजवी सापडली. ती धुऊन त्याने वडिलांच्या हातात दिली. शरच्चंद्रांचा अंगठा त्या चार खुणांवर बसला. मला वाटले, आता ते हसतील.

"हे तुझे दात," ते म्हणाले. "तिच्या बांगड्या कुठून आणशील?"

मयुरेश पायरीवर बसला. मला त्याचा रागही आला आणि दयाही आली. वाळू मारताना त्याला ते ओरखडे दिसले होते, पण ते कोणाचे आहेत हे त्याने कधी विचारलेच नव्हते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर पुसा, तेल घाला, गंजू देऊ नका. पण तिला नवी करण्याआधी, तिला रोज हात लावणाऱ्या माणसाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ऐका. आता माझी एक मूठ जुनी आहे आणि बाकी सगळी मी नवी आहे. शरच्चंद्र अजूनही सकाळी येतात. मुठीवर अंगठा ठेवतात, क्षणभर थांबतात आणि आत जातात. सीटखाली मात्र ते आता हात नेत नाहीत.