एकवीस सकाळींची नोंद

"आजी, हलू नकोस. आणि हसू तर अजिबात नकोस, हॉरर आहे."

"शूटिंग सुरू झालंय का?"

"नाही. बट स्टिल."

वसुधाताईंच्या मानेवरून ट्रिमर फिरत होता. टबमध्ये काळे केस पडत होते आणि मुळापासून वाढलेला दीड इंचाचा पांढरा भाग तेवढा डोक्यावर उरत होता. तीन महिने त्यांनी कलप लावला नव्हता. घरात डोक्याला रुमाल बांधून वावरत होत्या.

अनुष्का, त्यांची नात, कॉलेजात सिनेमा शिकत होती आणि शेवटच्या वर्षासाठी आठ मिनिटांचा भयपट करत होती. एक बाई रोज चेहऱ्याला एक थेंब औषध लावते आणि तरुण होत जाते; तिच्या वाट्याचं म्हातारपण आरशातलं प्रतिबिंब भोगतं आणि अखेर ते प्रतिबिंब बाहेर येतं. तरुण बाई स्वतः अनुष्का. प्रतिबिंब आजी.

"मेकअप कधी करायचा?"

"नो नीड, आजी." मग अनुष्काने जीभ चावली. "आय मीन, इन अ गुड वे."

"चांगल्या अर्थाने म्हातारी. असू दे."

वसुधाताई रसायनशास्त्राच्या. न्यू जर्सीतल्या एका प्रसाधन कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. सुरकुत्या घालवणारी क्रीम चाळीस अंशांना तापवलेल्या कपाटात महिनोन्महिने ठेवायची आणि ती क्रीम स्वतः किती लवकर म्हातारी होते ते मोजायचं, हे त्यांचं काम. फुकट मिळत असूनही त्यातली एकही बाटली त्यांनी पार्सिपनी गावातल्या घरी आणली नाही. त्वचेत पाणी भरतं, संध्याकाळपर्यंत उडून जातं, एवढंच त्यांचं मत होतं.

आयुष्यातला पहिला कलप त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी विकत घेतला. कारण प्रतापराव.

पूल बांधण्यात हयात घालवलेल्या त्यांच्या नवऱ्याला विस्मरण सुरू झालं होतं. एका सकाळी त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून विचारलं, "आपण कोण?" वसुधाताईंनी त्या दिवसापासून वही ठेवली. एकवीस सकाळींपैकी अकरा सकाळी प्रतापरावांनी त्यांना ओळखलं. मग केस काळे केले आणि पुढच्या एकवीस सकाळी नोंदल्या. अठरा. यावरून काहीही सिद्ध होत नव्हतं. नमुना लहान होता, निरीक्षक पक्षपाती होता. तरीही दर महिन्याला कलप आणला गेला.

अनुष्काने पांढरे केस मागितले तेव्हा त्यांनी पहिल्या शब्दाला होकार दिला. नातीला वाटलं, आजीची माया. त्यांना खरं तर हे तपासायचं होतं की प्रताप त्यांना ओळखतो, कलपाला नाही. हाही एक गर्वच होता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

चित्रीकरण एका दुपारी आटोपलं. त्यानंतरच्या एकवीस सकाळींचा आकडा सहा आला. मधल्या काळात आजारही पुढे सरकला होता. दोष केसांचा की आजाराचा, हे वेगळं काढता येत नव्हतं. त्यांनी आकडा लिहिला आणि वही मिटली.

एका शनिवारी अनुष्काने सिनेमा आणून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावला. पडद्यावर ती आजीची जुनी आंबा रंगाची साडी नेसून आरशापुढे बसली होती.

प्रतापराव खुर्चीत पुढे झुकले. "वसू! अहो, बघा, ही आमची वसू! काय दिसतेय!"

"आबा, दॅट्स मी."

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. मग आरशात आखूड पांढऱ्या केसांची बाई दिसली. ती सावकाश काचेजवळ आली. प्रतापरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ही कोण? हाकला हिला! वसूला ओढून नेतेय ती!"

"ओ माय गॉड, इट वर्क्स," अनुष्का पुटपुटली. मग तिचं आजीकडे लक्ष गेलं. तिने सिनेमा बंद केला. "आजी... सॉरी."

"सॉरी कशाला? जो परिणाम हवा होता तो मिळाला."

अनुष्का निघून गेली. पाचच्या सुमारास प्रतापरावांना शेजारच्या खुर्चीतली बाई दिसली. ते सभ्य माणूस होते.

"तुम्ही फार वेळ थांबलात, बाई. निघा आता. घरी मिस्टर वाट बघत असतील."

"प्रताप, मी वसू."

त्यांनी समजुतीने मान हलवली. "वसू लॅबमध्ये आहे. येईलच. पण तुम्हाला उशीर नको."

वाद घातला की ते आणखी गोंधळत. वसुधाताईंनी कोट चढवला, बूट घातले. ते दारापर्यंत सोडायला आले.

"जपून जा हं. बर्फ आहे बाहेर."

दार लागलं. आतून कडीही लागली. भादरलेल्या डोक्याला वारा झोंबत होता. घराला वळसा घालून त्या गॅरेजपाशी आल्या, बाहेरच्या पेटीवर चार आकडे दाबले. दार घरघरत वर गेलं. गॅरेजमधून त्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"वसू? आलीस?"

नोकरीची एकतीस वर्षं रोज याच सुमारास त्यांनी तो आवाज ऐकला होता. वसुधाताई भिंतीशी थांबल्या. दोन पावलं पुढे टाकली असती तर दिवाणखान्यातल्या प्रतापरावांना त्या दिसल्या असत्या.

"आले."

"अगं, एक बाई आली होती. बिचारी ताटकळली. तुलाच भेटायचं होतं बहुतेक."

"हो?"

"ये ना, बस जरा इथे."

"चहा टाकते आधी. तू सांग ना, काय म्हणत होती ती?"

प्रतापराव सांगू लागले. सविस्तर, मजेत, जसे ते पूर्वी सांगत. चहाचं आधण ठेवायचं राहिलं होतं. वसुधाताई कोट न काढता भिंतीच्या अलीकडे उभ्या राहिल्या आणि मध्ये मध्ये हुंकार देत राहिल्या.